अनोळखी झाड सालीवरून आणि बियांवरून कसं ओळखायचं?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतो. तळहातावर तीन काळ्या, लांबट बिया. खाली प्रश्न: 'शाळेच्या कुंपणाजवळ झाड आहे, कुणी ओळखेल का?' पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. कुणी म्हणतं एरंड, कुणी म्हणतं रानबदाम, कुणी लिहितं की आम्ही लहानपणी खायचो, काही होत नाही.

या बिया चंद्रज्योतीच्या असू शकतात. काही भागांत तिला मोगली एरंड म्हणतात. आतला पांढरा गर चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, पण तो विषारी आहे. या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात.

म्हणजे 'हे झाड कोणतं?' हा प्रश्न फक्त कुतूहलाचा नाही. चुकीचं नाव कधी झाडाला महागात पडतं, कधी माणसाला. मग झाड ओळखायचं कसं? पानं किंवा फुलं नसतील तर साल आणि बिया किती मदत करतात? आणि त्यांच्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही? समजून घेऊया.

पानं सोडून साल आणि बिया कशाला बघायच्या?

झाड ओळखण्याचा सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे फूल. त्यानंतर फळ आणि पानं. पण महाराष्ट्रातलं बरंचसं जंगल पानगळीचं आहे. फेब्रुवारी ते मे या काळात ट्रेकला गेलात तर साग, ऐन, सावर, कांडोळ अशी कितीतरी झाडं निष्पर्ण दिसतात. फुलं काही दिवसच टिकतात आणि बऱ्याचदा इतकी उंच असतात की नीट दिसतही नाहीत.

साल मात्र बाराही महिने डोळ्यांसमोर असते. बिया, शेंगा, सुकलेली फळं झाडाखाली पडलेली असतात, काही तर वर्षभर फांदीला लटकून राहतात. या दोन्ही गोष्टी बघायला झाडावर चढावं लागत नाही आणि काही तोडावंही लागत नाही.

साल वेगवेगळी का दिसते?

सालीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. बाहेरचा भाग मृत पेशींचा असतो. तो ऊन, कीड, आग आणि पाणी कमी होणं यांपासून झाडाला वाचवतो. आतला भाग जिवंत असतो. पानांमध्ये तयार झालेलं अन्न त्यातूनच मुळांपर्यंत जातं.

खोड दरवर्षी जाड होतं, पण बाहेरची मृत साल वाढू शकत नाही. मग ती फाटते, तडकते किंवा सोलून निघते. ती कशी फाटेल हे झाडाच्या जातीवर अवलंबून असतं. कुणाची साल चौकोनी तुकड्यांत तडकते, कुणाची कागदासारखी निघते, कुणाची उभ्या रेषांमध्ये फाटते. म्हणून साल ओळखीची खूण ठरते.

म्हणूनच एक सूचना आधीच: आतला रंग बघण्यासाठी किंवा औषधासाठी झाडाची साल सोलू नका. खोडाभोवती गोल पट्टा सोलला तर मुळांचं अन्न बंद होतं आणि मोठं झाडही मरतं. अर्जुनाच्या झाडांची औषधासाठी अशीच ओरबाड होते.

साल बघताना नेमकं काय बघायचं?

छातीच्या उंचीवर खोडाकडे बघा आणि स्वतःला हे प्रश्न विचारा.

*तडे कसे आहेत?* ऐनाची साल गडद करडी-काळपट असते आणि आडव्या-उभ्या तड्यांमुळे तिचे चौकोनी तुकडे पडतात. मगरीची पाठ म्हणतात ती हीच. सागाची साल करडी-तपकिरी, तंतुमय आणि उथळ उभ्या भेगांची असते.

*साल सोलून निघते का?* कांडोळाचं खोड पांढुरकं असतं आणि साल पातळ कागदासारखी निघते. खडकाळ उतारावर, उन्हाळ्यात, पान नसलेलं हे पांढरं झाड लांबूनच ओळखू येतं. सह्याद्रीत नाणा नावाचं झाडही फिकट, गुळगुळीत खोडाचं असतं आणि त्याचीही साल पातळ पापुद्र्यांनी निघते. म्हणजे 'पांढरं खोड' एवढ्यावर नाव सांगता येत नाही.

*काटे आहेत का?* काटेसावरीच्या तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. पांगाऱ्याच्या खोडावर आणि फांद्यांवरही काटे असतात, पण ते लहान आणि गडद असतात.

*वण दिसतात का?* महारुखाच्या फिकट करड्या खोडावर गळलेल्या पानांचे मोठे वण दिसतात.

*चीक किंवा डिंक आहे का?* झाडाला आधीच जखम झाली असेल तर तिथे बघा. पळसातून लाल रस येतो आणि सुकून गडद डिंक होतो. वड, पिंपळ, उंबर यांना पांढरा चीक असतो. बघण्यासाठी नवी जखम करायची नाही आणि चिकाला हातही लावायचा नाही. कारण पुढे येईलच.

फक्त सालीवरून नाव सांगता येतं का?

फार थोड्या झाडांचं. साल वयानुसार बदलते. ऐनाच्या कोवळ्या झाडावर मगरीची पाठ दिसत नाही. काटेसावर म्हातारी झाली की खोडाच्या खालच्या भागातले काटे बरेचसे नाहीसे होतात. कोकणातल्या दमट हवेत सालीवर शेवाळ आणि दगडफूल चढतं, मूळ रंगच झाकला जातो. शहरात खोडाला गेरू आणि चुना फासलेला असतो.

म्हणून साल काय करते? ती यादी लहान करते. पन्नास शक्यतांमधून चार-पाच उरतात. पुढचं काम बियांचं.

बी हातात घेतली, आता पहिला प्रश्न कोणता?

'ही कशाची बी आहे?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: *ही बी याच झाडाची आहे का?*

इथेच सर्वात जास्त चुका होतात. वाऱ्यावर उडणाऱ्या बिया दूर जाऊन पडतात. वटवाघळं फळं उचलून दुसऱ्याच झाडावर नेऊन खातात आणि बिया तिथे टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया कुठेही पोहोचतात. झाडावर एखादी वेल चढलेली असेल तर तिच्या शेंगा झाडाच्याच वाटतात.

खात्री करायला तीन गोष्टी तपासा. तशीच फळं किंवा शेंगा वर फांदीवर दिसतात का? झाडाखाली त्या सगळ्यात जास्त आहेत आणि लांब जावं तसं कमी होतात का? शेजारी दुसरं कोणतं झाड आहे? वर फांदीवर तीच शेंग दिसली तर पुरावा पक्का.

बियांवरून काय कळतं?

बी कशी प्रवास करते यावर तिचा आकार ठरतो. त्यामुळे आकारावरून झाडाचा गट कळतो.

*पंखांच्या बिया:* वावळाची गोल, कागदी चकती असते आणि मध्ये एक बी. उन्हाळ्यात रस्त्यावर या चकत्यांचा थर पडतो. महारुखाचा पंख लांबट, पिळलेला आणि मध्ये एक बी. टेटूची शेंग तलवारीसारखी, जवळपास मीटरभर लांब होते आणि आत पारदर्शक पंखांच्या बिया असतात.

*कापसाच्या बिया:* इथे साल आणि बी एकत्र वापरायची. कापूस आहे आणि खोडावर शंकूसारखे काटे आहेत, तर काटेसावर असण्याची शक्यता मोठी. कापूस आहे, पण खोडावर काटे नाहीत आणि फळ पेरूच्या आकाराचं आहे, तर सोनसावर तपासून बघा.

*चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी:* हा पळस. याच बियांना पळसपापडी म्हणतात.

*लाकडासारखी जाड, चोचीसारखं टोक असलेली छोटी शेंग:* हा करंज. शेंग आपोआप उघडत नाही आणि आत बहुतेक वेळा एकच बी असते.

*बी हाताला लागतच नाही:* वड, पिंपळ, उंबर यांच्या फळात बारीक बियांचा चुरा असतो. तिथे फळ कुठे लागलंय हे बघा. उंबराची फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर झुपक्यांनी लागतात.

शहरातल्या रस्त्यावर हे वापरता येतं का?

इथे तर सोपं आहे, कारण रस्त्याकडेची बरीच झाडं शेंगांची आहेत.

• गुलमोहर: अर्धा मीटर किंवा त्याहून लांब, चपटी, लाकडासारखी कडक, काळपट शेंग.

• सोनमोहर: बोटभर लांबीच्या, पातळ, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळत्या शेंगा, झाडावर गर्दीने.

• शिरीष: फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाच्या पातळ शेंगा. वारा आला की झाडावर खुळखुळतात.

• वर्षावृक्ष (रेन ट्री): जाड, गडद तपकिरी शेंग. आत चिकट, गोड गर. रस्त्यावर पडून चिरडली की चपलेला चिकटते.

• बहावा: काठीसारखी गोल, लांब, काळपट शेंग. आत पडद्यांचे कप्पे, प्रत्येकात एक बी आणि काळा चिकट गर.

पुढच्या वेळी रिक्षाची वाट बघत असाल तेव्हा पायाखाली बघा. पाचपैकी एखादी शेंग सापडेलच.

ऐन की अर्जुन? एक उदाहरण

दोन्ही एकाच कुळातली, टर्मिनॅलिया या प्रजातीतली झाडं. दोघांच्याही फळाला पाच पंख. कमरखासारखं दिसणारं हे फळ एकट्याने समोर आलं तर गोंधळ होतो.

पहिला पुरावा साल. काळपट, चौकोनी तुकड्यांची असेल तर ऐन. गुळगुळीत, पांढुरकी-करडी, मधेमधे गुलाबी छटा आणि मोठ्या पापुद्र्यांनी गळणारी असेल तर अर्जुन.

दुसरा पुरावा फळ. पंख उजेडात धरून शिरा बघा. ऐनाच्या रुंद पंखांवर शिरा सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाचे पंख अरुंद आणि त्यावरच्या शिरा वरच्या दिशेने वळलेल्या.

तिसरा पुरावा जागा. अर्जुन बहुधा नदी-ओढ्याच्या काठी. ऐन डोंगरातल्या मिश्र जंगलात सर्रास.

आणि तिसरा भाऊबंद म्हणजे किंजळ. त्याच्या छोट्या फळाला एक मोठा पंख आणि दोन लहान. पावसाळा संपल्यावर फळांनी लगडलेलं किंजळ लांबून तांबूस-गंजक्या रंगाचं दिसतं.

साल, फळ, जागा. तिन्ही एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर नाव सांगायला हरकत नाही. एक जरी उलटं सांगत असेल तर थांबा.

दसऱ्याला आपटा समजून कांचन का तोडला जातो?

कारण दोन्हींची पानं जोडपानासारखी, मध्ये दुभंगलेली. बाजारात कांचनाच्या फांद्या 'सोनं' म्हणून सहज खपतात. पान लहान, रुंदीला जास्त आणि जाडसर असेल तर आपटा. पान मोठं असेल तर बहुधा कांचन.

पण झाडाजवळ उभं राहिलात तर साल आणि शेंग जास्त स्पष्ट बोलतात. आपट्याची साल काळपट, खडबडीत, खोल भेगांची. शेंग चपटी, किंचित वाकडी, काळपट आणि पिकल्यावरही न उघडणारी. कांचनाची साल त्या मानाने कमी खडबडीत आणि शेंगा वाळल्या की तडकून पिळवटतात, बिया लांब उडतात. झाडाखाली पिळलेल्या रिकाम्या शेंगा दिसल्या तर तो आपटा नाही.

खरा असो की खोटा, फांद्या तोडल्याने नुकसान झाडाचंच होतं. पण निदान आपण काय तोडतोय हे माहीत असलेलं बरं.

चूक कुठे महागात पडते?

काही झाडांबाबत चुकीची ओळख धोकादायक आहे. ही यादी घरातल्या लहान मुलांच्या आईवडिलांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावी.

*चंद्रज्योत (मोगली एरंड):* झुडूप किंवा छोटं झाड. साल गुळगुळीत, करडी-हिरवट, पातळ पापुद्र्यांनी निघणारी. फळात बहुधा तीन काळ्या बिया. जनावरं खात नाहीत म्हणून शेताच्या, शाळेच्या कुंपणाला लावतात. दोन हजारच्या दशकात बायोडिझेलसाठीही देशभर तिची लागवड झाली. बिया खाल्ल्यावर घशात जळजळ, पोटदुखी, उलट्या आणि जुलाब होतात.

*पिवळी कण्हेर (बिट्टी):* बंगल्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकात हमखास दिसते. हिच्या कडक त्रिकोणी बिट्ट्या मुलं खेळायला घेतात. बियांमधलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं.

*काजरा:* फळ नारंगी, संत्र्याएवढं. बिया गोल, चपट्या, करड्या, रेशमी लव असलेल्या, एखाद्या नाण्यासारख्या. त्यात स्ट्रिक्नीन असतं. कोकणात आणि घाटात हे झाड आढळतं.

*गुंज:* लाल बी, त्यावर काळा ठिपका. ही झाडाची नाही, वेलीची बी. पूर्वी सोनं तोलायला गुंजा वापरत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. कवच फार कडक असतं, पण चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज अत्यंत विषारी ठरते. रतनगुंज वेगळी: ते मोठं झाड आहे, बी पूर्ण लाल, काळा ठिपका नाही आणि शेंगा पिळवटलेल्या. दोन्हींची अदलाबदल नेहमी होते. मुलांच्या हातात दोन्ही देऊ नयेत.

*बिब्बा:* काळी, चकचकीत, हृदयाच्या आकाराची बी, वर नारंगी गराचं बोंड. धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायला ज्याचा रस वापरत तो हाच. हा रस त्वचेला लागला तर फोड येतात. अनोळखी झाडाच्या चिकाला हात लावू नका असं वर म्हटलं ते यासाठी.

*कांडोळाचं फळ:* पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, लाल, सुंदर दिसणारं. पण त्यावर टोचणारे बारीक केस असतात. फोटो काढा, हातात घेऊ नका.

म्हणून एकच नियम: चव घेऊन झाड ओळखायचं नाही. कधीच नाही. 'पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालेल' हा तर्कही चुकीचा आहे.

कुणी अनोळखी बी खाल्लीच तर?

वाट बघू नका. काही बियांचा परिणाम दिसायला तास लागतात, त्यामुळे 'आता तर बरा दिसतोय' यावर विसंबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्या. घरगुती उपायाने उलटी काढायला जाऊ नका. उरलेल्या बिया, फळ, शक्य असेल तर फांदीचा तुकडा पिशवीत सोबत घ्या. डॉक्टरांना नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवणं जास्त उपयोगाचं, कारण स्थानिक नावं गावागणिक बदलतात.

मोबाईल अ‍ॅपवर विश्वास ठेवावा का?

गुगल लेन्स किंवा आयनॅचरॅलिस्टसारखी अ‍ॅप सुरुवात करायला चांगली आहेत. पान आणि फुलाच्या फोटोवर ती बरी चालतात. नुसत्या सालीच्या फोटोवर मात्र बऱ्याचदा फसतात, कारण उजेड, ओलावा आणि वयानुसार साल वेगळी दिसते. आयनॅचरॅलिस्टवर एक फायदा आहे: अ‍ॅपच्या अंदाजानंतर तिथली माणसंही ओळख तपासतात.

उत्तर चांगलं हवं असेल तर प्रश्न चांगला विचारा. एका फोटोऐवजी हे सहा फोटो काढा:

१. पूर्ण झाड, लांबून.

२. छातीच्या उंचीवर साल, शेजारी नाणं किंवा हाताचा पंजा, म्हणजे आकार कळेल.

३. खोडाचा बुंधा.

४. फळ किंवा शेंग, दोन्ही बाजूंनी.

५. बी, मोजपट्टी किंवा नाण्याशेजारी.

६. पान असेल तर पुढून, मागून आणि फांदीला कसं जोडलंय ते.

सोबत जागा, महिना आणि आसपासचा परिसर लिहा: ओढ्याकाठी, खडकाळ उतार, रस्त्याकडेला लावलेलं. शेवटची माहिती फार महत्त्वाची आहे. लावलेलं झाड जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं असू शकतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे, वर्षावृक्ष अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला.

खाली पडलेल्या बिया गोळा करायला साधारणपणे अडचण नसते. पण राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तिथून काही उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथे लागू असतो. फोटो पुरेसा आहे.

थोडक्यात

सालीने यादी लहान करा. बी त्याच झाडाची आहे याची खात्री करा. मग साल, बी आणि जागा असे किमान तीन पुरावे जुळतात का ते बघा. जुळले तर नाव सांगा. नाही जुळले तर 'माहीत नाही, पण खाऊ नका' एवढं लिहा. ग्रुपवरच्या त्या तीन काळ्या बियांच्या फोटोखाली याहून उपयोगी उत्तर दुसरं नाही.